भासऱ्याची लाज अन् नवऱ्याची पाठ

माही पोरगी अंगावर पेत होती त्या साली कापसाची भरली बैलबंडी नाल्याच्या उतारात पलटली, अन् वर बसलेला माहा नवरा खाली आला. कंबरेखालचं सगळं गेलं. पाय होते, पन चिमटा घेतला तरी त्याले समजे नाई. सेवाग्रामले दवाखान्यात राह्यलो अन् मंग त्याले खाटेसकट गावी आनलं, वडनेरकडं.

निघताना डॉक्टरनं मले बजावून सांगतलं, याले एका कुशीवर दोन तासाच्या वर ठेवू नका, रात्रीही नाई. आपन झोपेत आपोआप कूस बदलतो, याले काई समजत नाई, तं तुमालेच बदलावी लागन. अन् ओढू नका, उचलून फिरवा, ओढलं का कातडं सोलते. मले हे सांगायची गरजच नोती. दवाखान्यात बाजूच्या खाटेवर एक बुढा होता, घरूनच पाठीले जखम घेऊन आलेला. पट्टी बदलताना त्याचं माकडहाड म्या पाह्यलं होतं, मूठ जाईन एवढं भोक अन् आत पांढरं. ते पांढरं म्हंजे हाड. बुढा गेला.

सासूले सांगतलं, तं ते म्हने, "सातवी नापास अन् डॉक्टरीन झाली. निजलेल्या मानसाले उठवते का कोनी? पाप लागते."

अन् बघाले येनारे तं इचारूच नका. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, खाटेच्या काठावर बसायचे, गादी आनखी दाबायची, चहा प्यायचे अन् म्हनायचे, "आराम करू दे वं त्याले, हलवू नोको." आराम. एकालाही वाटलं नाई का याच्या पाठीखाली हात घालून पाहावं. घरात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या अन् माह्या नवऱ्याच्या अंगाखालची गादी फरशीसारखी. कापूस बाजारासाठी होता ना, मानसासाठी थोडीच.

फिरवाले दोघं लागत. खालची चादर दोन्हीकडून धरायची, उचलायची अन् कुशीवर करायचं. नवरा अंगानं भरला. म्या नुकती बाळंतीन. सासूचे गुडघे गेलेले. राह्यले भासरे, म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ. हा मानूस एकटा कापसाचं बोचकं पाठीवर घेऊन बंडीत टाके. पन भासऱ्यानं लहान भावाच्या बायकोसमोर यायचं नाई, तिच्याशी बोलायचं नाई, तिचा हात लागला तं आंघोळ करायची, असा आमच्या घरचा कायदा. म्या खोलीत पाय टाकला का हे खाकरून बाहेर. म्या पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी. आता पदराले एक हात लागते अन् चादरीले दोन, हे साधं गनित त्या घरात कोनाले येत नोतं.

दिवसा शेजारची काकू यायची तं जमे. रात्री नाई. म्या एकटीच कशीबशी ढकलो, अन् भेव वाटे का मीच त्याचं कातडं सोलून राह्यली.

मंग ते दिसलं. माकडहाडावर लाल चट्टा. डॉक्टरनं दाखवलं होतं तसं म्या बोट दाबलं. चांगल्या कातड्यावर बोट उचललं का पांढरं दिसते अन् मंग लाली परत येते. इथं पांढरं झालंच नाई. म्हंजे कातडं आतून मराले लागलं होतं.

सासूले दाखवलं. तिनं जुनं लुगडं काढलं, पीळ दिला, गोल गुंडाळलं अन् घागर डोक्यावर घेताना ठेवतो तशी चांगली जाड चुंबळ केली. म्हने, "चुंबळीनं डोक्याले घागर टोचत नाई, तं याले गादी काऊन टोचन? चट्टा मधातल्या भोकात ठेव."

सगळे खूश. भासरे ओट्यावरून म्हनले, "आईचं डोकं पाहा." बघाले आलेली एक मावशी म्हने, "जुनं ते सोनं वं माय." खुशी कशाची होती ते मले समजत होतं. चुंबळ ठेवली का कोनाले उचलायचं काम नाई.

थोड्याच दिवसांत म्या चुंबळ काढून पाह्यलं. चुंबळीचा गोल ठसा पाठीवर लाल उमटला होता अन् मधातलं कातडं जांभळासारखं काळंनिळं, वरून सोललेलं, पानी सुटलेलं. बोटाले दोरा घट्ट बांधला का टोक जसं निळं पडते, तसं चारी बाजूनं रक्त अडवून ठेवलं होतं त्या चुंबळीनं. म्या ते उचलली अन् चुलीत घातली.

"माह्या सासूचं लुगडं होतं ते," सासू म्हने.

पोराची पाठ गेली त्याचं नाई. लुगडं गेलं त्याचं.

म्या पोरीले काखेत घेतलं अन् सरळ ओट्यावर गेली. भासरे दोन मानसांसोबत बसले होते. म्हनलं, "दादाजी, आत या. चादरीचं एक टोक धरा."

त्यायनं भिंतीकडं तोंड केलं. "आई, तिले म्हना आत जाय."

"आईले नोका सांगू, मले सांगा. तुमच्या भावाच्या पाठीले भोक पडून राह्यलं. माहा हात लागला तं आंघोळ करा. इहिरीले पानी हाये."

बसलेल्यातला एक बुढा मिशीत हसला. "जाय गा. पानी खरंच हाये."

भासरे आत आले. मले पाहून नाई, त्या बुढ्याले लाजून. चादरीचं टोक असं धरलं का जसा मेलेला साप धरला. म्या दोन्ही हातानं चादर आवळली अन् पदर खाली पडला.

"पदर," सासू वरडली.

"माह्याजवळ दोनच हात हायेत. तुमीच धरा."

अन् बाप्पा, तिनं धरला. गुडघे गेलेली बुढी, पोराले हात लावाले उठे नाई, ते पदर धराले टनकन उठली अन् माह्या मांगं उभी राह्यली, माहा पदर माह्या डोक्यावर दाबून. तसंच रोज चाले. भासरे भिंतीकडं पाहून उचलत, म्या उचलो, सासू पदर धरे. खाटेवरून नवरा म्हने, "मी आत जिता हाये, गोनी नोको समजू."

रात्री घड्याळाचं काम नोतं. पोरगी दुधासाठी रडली का तिले पाजायचं अन् तिचा बाप फिरवायचा. म्या भांडं वाजवो, भासरे दारात खाकरत, सासू पदर घेऊन हजर. डाव्या कुशीवर, मंग उजव्या कुशीवर. दोन गुडघ्यांच्या मधात उशी, नाईतं हाडावर हाड घासते. पोटऱ्यांखाली उशी, का टाचा हवेत राहाव्या. गंजीतला कापूस म्या कोनाले न इचारता काढला, पिंजून आनला अन् जाड गादी भरली. भासरे म्हनले, "आई, तिले इचारा, कापूस कोनाले इचारून घेतला?" म्या आईमार्फतच उत्तर पाठवलं, "म्हना, गादीनं इचारलं होतं."

जखम भरली. लय हळूहळू, पोरगी चालाले लागली तेव्हा. आता गावात भासरे सांगतात, "भावाले म्याच फिरवला म्हनून तो हाये." सासू जाईपर्यंत सांगे का चुंबळीनंच सुरुवातीले आराम पडला. सांगू द्या. असल्या लोकांले बोलनं म्हंजे आपला दम वाया घालवनं, अन् मले तो चादर उचलाले लागते.

आता पदर कोनी धरत नाई. भासरे मात्र अजूनही भिंतीकडंच पाहातात, अन् हात लागला का बाहेर जाऊन कोपरापर्यंत धुतात. अंगनात बादली वाजली का नवरा म्हनते, "झाले पवित्र." तेव्हा तो कुशीवर असते अन् पाठ माह्याकडं. माकडहाडावर जुन्या जखमेचा पातळ गुलाबी डाग हाये. म्या त्याच्यावर बोट दाबते, उचलते. पांढरं होते. मंग लाली परत येते. ते आली का मंगच म्या उशी लावते.