मसुदा वाचला असे समजून

कसब्यातून सायकलने येणारे आमच्या बी.एड. अभ्यास मंडळाचे टंकलेखक सभेत कोपऱ्यात बसत, चहा बशीत ओतून पीत आणि कुणाच्याही भाषणावर फक्त "छान!" म्हणत.

नव्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञानाला जागा हवी, म्हणून आम्ही तज्ज्ञांनी शाळेतले सराव पाठच काढून टाकले. यांनी टंकलेल्या अंतिम मसुद्यात ते जसेच्या तसे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, हे काय?"

"सर, माझ्या नातवाला हेच शिक्षक शिकवणार. आधी चार वर्गांवर उभे तरी राहू देत."

"कुणी पकडलं तर नोकरी जाईल."

"त्यासाठी तुमच्यापैकी कुणालातरी तो वाचावा लागेल."

सभेत अध्यक्षांनी विचारलं, "मसुदा वाचला असे समजून मंजूर करायचा ना?"

सर्वांत आधी मी हात वर केला.