निलगिरीचा पाला

नातवाला सर्दी झाली म्हणून सुनेनं गरम पाण्यात निलगिरीचं तेल टाकलं. सगळ्यांनी खोल श्वास घेतला. माझा मात्र आपोआप रोखला गेला.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष. निजामाविरुद्धच्या लढ्यामुळं पोलीस शोधत असलेले माझे वडील, आमचे आबा, पिंगळीच्या घरात माळ्यावर तापानं फणफणत होते. आईनं स्टेशनाजवळच्या, साल सोललेल्या त्या उंच निलगिरीचा पाला आणून उकळायला ठेवला. त्याचा थंड, उग्र वास गल्लीत गेला आणि शिपाई दाराकडे येताना दिसला. आईनं मला घाईनं पातेल्यासमोर बसवून वरून घोंगडी घातली.

"आबा खोकले की तू बी खोक," ती पुटपुटली.

"कौन बीमार है?" शिपायानं विचारलं.

"पोरगी. लय खोकायलीय."

तेवढ्यात आबा खोकले. मीही खोकले.

शिपायानं वर पाहिलं. "बच्ची की खांसी ऊपर से भी आरी, अम्मा," असं हळूच म्हणून तो निघून गेला.

तो पुन्हा येईल या भीतीनं आबा तशाच तापात घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. शिपाई धमकावून गेला की दया करून, हे आईला मरेपर्यंत उमगलं नाही. दया असेल, तर आबांना जायची गरजच नव्हती.