मैलाऱ्याचा सोमवार

भीमेच्या अंगाच्या आमच्या मुलखात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. त्या दिवशी नांगर आडवा पडलेला असतो, गाडी दारात उभी असते आणि बैल दावणीला निवांत रवंथ करत असतात. हे सगळीच घरं पाळतात. रेवणप्पा मात्र या पाळण्याच्याही चार पावलं पुढं गेला होता, आणि तिथून त्याला मागं आणणं कुणाला जमलं नव्हतं.

त्याचं गाव मंद्रूपपासून तीन कोसांवर. काळं रान थोडं, मुरमाड माळ उदंड. घरात बायको हेमावती, थोरली निंगव्वा आठ वर्षांची, मधला शिवयोगी सहाचा, धाकटी अक्कम्मा साडेतीनची, आणि मैलाऱ्या नावाचा एक खिलार बैल. जोडीतला दुसरा बहात्तरच्या दुष्काळात छावणीत मेला. मैलाऱ्याही तसाच पाय ताणून पडला होता. रेवणप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आभाळाकडं बघून शब्द दिला, "बसवण्णा, ह्याला उठीव. सोमवारी ह्याच्या पाठीवर काडीबी ठेवणार न्हाय."

मैलाऱ्या उठला. तेवढ्यात पेंडेची गाडी आली म्हणून उठला, असं शेजारचा अण्णाराव म्हणायचा. पण अण्णारावानं जन्मात कुणाला शब्द दिलेला नव्हता, त्याला त्यातलं काय कळणार?

रेवणप्पानं काडी म्हटलं होतं, म्हणून तो काडीच धरून बसला. सोमवारी उजाडलं की बैलाच्या पाठीवरचं कडब्याचं पान उचल, लिंबाचा पाला झटक, असं सुरू व्हायचं. बगळा येऊन बसला तर त्याला हाकलायला तो पाटी टाकून धावायचा. पुढं त्याच्या मनात आलं, सहा दिवस हे जनावर दुसऱ्याच्या बैलाशी जुंपून तेच ते तास ओढतं. रान त्याचं, पण रान बघितलंय कुठं त्यानं? म्हणून दर सोमवारी तो मैलाऱ्याला मोकळा सोडून त्याच्या मागं मागं माळ फिरायला निघू लागला. वाट बैलानं ठरवायची. बैलाची वैरण मात्र रेवणप्पाच्या डोक्यावर.

"बैल निघाला हवा खायला," पारावरून कुणीतरी ओरडायचं. "शिदोरी मालक घिऊन यायलाय!"

हेमावती अक्कलकोटाकडची. तिला मराठी कानडी दोन्ही सारख्याच धारेच्या. एके दिवशी ती उंबऱ्यातून म्हणाली, "बैलाला माळ दावता, पोरांस्नी कदी दावला काय?"

रेवणप्पाला ते पटलं. पटलं की तो थांबायचा नाही. पुढच्या सोमवारपासून पोरंही निघाली. शाळेची अडचण नव्हती, कारण गुरुजी शनिवारी सोलापूरला जायचे ते मंगळवारी उगवायचे.

त्या वाटांवर रेवणप्पा वेगळाच माणूस व्हायचा. घरात दोन शब्द बोलायला जड जाणारा हा गडी माळावर बोलत सुटायचा. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते आणि तीही खड्यांसारखीच दिसतात, हे तो पोरांना पालथं झोपून दाखवायचा. काळविटाची उडी, सापाची कात, तरवडाचं पिवळंधमक फूल, पाण्याची चाहूल लागलेली मुंग्यांची रांग, सगळं त्याच्याजवळ होतं. अक्षर त्याच्याकडं नव्हतं, पण हा माळ त्याला तोंडपाठ होता आणि तो पोरांच्या हवाली करायला तो उतावीळ होता. त्याच्या जिवात जीव यायचा तो या एका दिवशी.

अडचण एकच होती. अक्कम्मा दर सोमवारी रडत घरी यायची. कधी काटा, कधी ठेच, कधी नुसतीच झोप. सलग पाचव्या सोमवारी ती भोकाड पसरत आली तेव्हा हेमावतीनं परात आपटली.

"पुढल्या सोमवारी मी सोता येते. तवाबी पोरगी रडत आली, तर साकु! त्येच्या पुढं तुमी अन् तुमचा बैल, दोगंच हिंडा."

साकु म्हणजे पुरे. हेमावतीनं कानडीत पुरे म्हटलं की ते पुरेच असायचं. रेवणप्पा आठवडाभर नीट जेवला नाही.

सोमवार उजाडला. शहात्तर सालचा पौष, गार वारा आणि मऊ ऊन. बैलाची पेंडी आणि पाण्याची घागर रेवणप्पाकडं, भाकरीची पाटी आणि घोंगडं हेमावतीकडं. मैलाऱ्या रिकामा, पुढं. तो ओढ्याच्या डोहाकडं निघाला. तिथं थंडीत करकोचे उतरतात. रेवणप्पाच्या मनातही तीच जागा होती. बैलानं आपली लाज राखली, असं त्याला वाटलं.

कोसभर गेल्यावर हेमावती थांबली. समोर जोंधळ्याची रानं संपून माळ पसरला होता, आणि त्याच्या टोकाला आभाळ जमिनीवर टेकलं होतं.

"हे कुणाचं रान?"

"कुणाचंच न्हाय. माळ हाय."

"धा वरसं झाली मला हितं येऊन," ती म्हणाली. "मला वाटलं, हिरीपशी गाव संपतंय."

रेवणप्पा बैलाच्या पाठीवरचं गवत झटकू लागला.

डोहावर करकोचे होते. चांगले पन्नास. राखाडी, उंच, पंचायतीच्या सभेला बसल्यासारखे. मैलाऱ्या सरळ पाण्यात शिरला आणि सभा उठली. पंखांचा असा आवाज झाला की अक्कम्मा टाळ्या पिटत नाचू लागली. रेवणप्पानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोकडं पाहिलं. ती मान वर करून बघत होती, तोंड उघडं.

परतीला निघेपर्यंत सगळं सोन्यासारखं चाललं होतं. अर्ध्या वाटेवर अक्कम्माच्या पायात बाभळीचा काटा गेला. रेवणप्पानं तो काढला, तिला उचलायला वाकला, आणि त्याच्या कमरेत उसण भरली. तो कोन धरून उभाच राहिला. महत्प्रयासानं सरळ झाला, पण पुन्हा वाकता येईना.

"मी हिला घेते," हेमावती म्हणाली.

"मग मलाबी!" शिवयोगी तिथंच फतकल मारून बसला. "ती बसणार आन् मी चालणार व्हय?"

अक्कम्माचा ओठ बाहेर आला. रेवणप्पानं तो ओठ पाहिला.

"बैलावर बसवा की दोगांस्नी," हेमावती म्हणाली. "येवडी मोटी पाठ मोकळी चाललीय!"

"सोमवार हाय."

"मला ठावं हाय सोमवार हाय!"

"मी शबुद दिलाय. काडीबी न्हाय."

"ही काडी हाय काय? ही तुमची पोरगी हाय."

"मग तर काडीपरीस जड झाली की!"

अशी बोलाचाली चालू असताना समोरून सोमलिंग स्वामी आले. गावोगाव भिक्षेला हिंडणारे म्हातारे जंगम, खांद्याला झोळी. हेमावतीनं पदर सावरून सवाल टाकला, "स्वामी, लेकरू म्हंजी वझं असतंय काय?"

स्वामी विचारात पडले. विचार करायला ते एका दगडावर बसले. मग म्हणाले, "लेकरालाच इचारा."

"अक्कम्मा, तू वझं हायस?"

"न्हाय," अक्कम्मा म्हणाली. "मी अक्कम्मा."

"झालं," स्वामी म्हणाले. "बसवा."

"पण स्वामी," रेवणप्पा कळवळून बोलला, "वझं न्हाय, तर माजी कंबर कशानं गेली?"

स्वामी पुन्हा बसले. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. अखेर त्यांनी बैलाचाच कौल लावायचं ठरवलं. पाठीवर कौलाचं फूलही ठेवायची सोय नव्हती, म्हणून मैलाऱ्यापुढं दोन भाकरी मांडल्या. उजवी खाल्ली तर बसवा, डावी खाल्ली तर बसवू नका. मैलाऱ्यानं उजवी खाल्ली. हेमावतीनं पोरीला उचललं. मैलाऱ्यानं डावी खाल्ली. रेवणप्पानं तिला खाली ठेवायला लावलं.

"पुन्यांदा," स्वामी म्हणाले.

पाटीतल्या उरलेल्या सहा भाकरी अशाच कौलाला गेल्या. बैलाचं दोन्हीकडं सारखंच मत पडलं. तेवढ्यात एक बगळा उडत आला आणि मैलाऱ्याच्या पाठीवर ऐटीत बसला.

"ह्यो चालतो?" हेमावती कडाडली.

"त्येला मी बसवत न्हाय. मी हाकलतो." आणि खरंच, एका हातानं कंबर धरून, दुसऱ्यानं उपरणं फिरवत रेवणप्पा बगळ्याच्या मागं लागला. बगळा उडायचा, पुन्हा बसायचा. बैल स्वतःभोवती फिरत होता, त्याच्याभोवती रेवणप्पा फिरत होता. आणि फिरता फिरता रेवणप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बगळ्यासाठी नव्हे, कंबरेसाठीही नव्हे. शब्द पाळला तर हे सोमवार गेले, आणि मोडला तर बैल जातो, असं त्याला त्या क्षणी साफ दिसलं.

"मी छावणीत बगितलंय त्येला मरताना," तो थांबून म्हणाला. "येकदा बगितलंय. बास."

शिवयोगी उठून उभा राहिला.

हेमावतीनं इकडं तिकडं पाहिलं. कडेच्या जोंधळ्यात पाखरं राखायचा पडका माळा होता. तिनं त्यातला लांब वासा ओढून काढला, घोंगड्याची दोन टोकं त्याला बांधली आणि झोळी केली. अक्कम्मा आणि शिवयोगी, दोघं आत.

"वाकू नगा. निस्ता खांदा द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "मी मागं हाय."

स्वामींनी हातभार लावून वासा दोघांच्या खांद्यांवर चढवला. पुढं रेवणप्पा ताठ, मागं हेमावती, मध्ये झुलती झोळी. निंगव्वा पाटी आणि रिकामी घागर घेऊन बाजूनं चालत होती. झोळीतून शिवयोगी जीभ टाळ्याला लावून गाडीवानासारखा आवाज काढू लागला, आणि अक्कम्मा हसू लागली. मैलाऱ्या काही वेळ वळून वळून बघत राहिला. या जोडीचं काय करावं त्याला कळत नव्हतं. मग तो पुढं झाला.

गावात शिरताना पार भरलेला होता.

"रेवणप्पा, आज जोडी लई झकास जुपलीया की!" अण्णाराव ओरडला.

"पुढला बैल लंगडतोय!" आणखी कुणी.

रेवणप्पाचे कान तापले. पण मागून हसण्याचा आवाज आला. हेमावती हसत होती. आधी दाबून, मग मोकळी, इतकी की वासा डुगडुगला आणि अक्कम्मा आतून ओरडली, "अव्वा, आनकी हालीव!"

दारात झोळी उतरली. पोरगी रडली नव्हती. रेवणप्पा भिंतीला धरून उभा राहिला आणि निकालाची वाट बघू लागला.

"पुढल्या सोमवारी," हेमावती घाम पुसत म्हणाली, "मी येनार."

"म्हंजी पोरंबी?"

"पोरंबी. पण बैलाचं सोमवारचं समदं ऐकून घेतलं म्यां. आता माजं आयका. सोमवारी माज्याबी डोक्यावर काडी ठिवायची न्हाय. पाटी न्हाय, घागर न्हाय, भाकरीबी थापनार न्हाय मी."

"मग भाकरी कोण..." रेवणप्पा बोलता बोलता थांबला.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. घोंगडं झटकत आत गेली.

पुढच्या सोमवारी पहाटे शेजारच्या अण्णारावाला रेवणप्पाच्या घरातून धूर दिसला आणि पाठोपाठ परातीवर काहीतरी फाटकन पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दार उघडलं. पुढं मैलाऱ्या निघाला, त्याच्या बाजूनं हात हलवत हेमावती. मागं पोरं. सगळ्यांच्या मागं रेवणप्पा, डोक्यावर पेंडी, पेंडीवर पाटी, काखेत घागर. पाटीतल्या भाकऱ्या भारताच्या नकाशापासून कर्नाटकापर्यंत सगळ्या आकाराच्या होत्या.

ओढ्याच्या वळणावर बैल डावीकडं वळला. हेमावती म्हणाली, "तिकडं न्हाय, उजवीकडं. तिकडचं मी बगितलंय." मैलाऱ्या थबकला, कान हलवले, आणि तिच्या मागं चालू लागला.