ओ न आलेली हाक

“हाक ऐकली की आधी ओ द्यावी, काम मागाहून,” आत्माराम एकदा कोठीवाल्या धोंडूला म्हणाला होता.

ही त्याची बोटीवरची शिस्त. अकरा वर्षं तो मालवाहू बोटीच्या इंजिनघरात होता. वरून हुकुमाची घंटा आली की खालच्यानं आधी तीच घंटा उलट वाजवायची, मग कामाला हात घालायचा. मुलगी गंगा आपल्याला फक्त फोटोवरूनच ओळखते हे कळलं, तेव्हा त्यानं समुद्र सोडला. मुंबईत राहून संगणक शिकला आणि अठ्ठ्याऐंशी साली मिरजोळ्याच्या एका कोळंबीच्या कारखान्यात लागला. मुंबईच्या साहेबांना हे संगणकाचं यंत्र पटलं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा बोट.

पडद्यामागे एक प्रोग्रॅम सतत जागा असे. शीतघरातल्या मालाच्या सगळ्या नोंदी त्याच्यापाशी. पुढे आत्मारामनं लिहिलेली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची यादी. ती प्रश्न आत सोडायची आणि उत्तराची वाट पाहायची. तीनतीनशे पेट्यांचे प्रश्न एकदम सोडून त्यानं महिनाभर पारख केली होती. एक उत्तर चुकलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी एकच पेटी विचारली. “पेटी एकशे बारा कुठाय?”

आत्मारामनं प्रश्न आत सोडला. पडदा कोराच.

“आत्मारामा, माझी वही बरी रे,” धोंडू म्हणाला. “पान उलटलं की बोलते.”

“हेही बोलेल, धोंडूकाका.”

“कधी? कोळंबी कुजल्यावर?”

साहेबही हसले.

तेव्हा आत्मारामला उमगलं. आतला प्रोग्रॅम उत्तर घेऊनच बसला होता. खाडीवरचा तांडेल उतारू भरल्याशिवाय होडी सोडत नाही, तसा तो उत्तरांचा ढीग भरल्याशिवाय एकट्या उत्तराला सोडत नव्हता; तीनशेंनी ढीग भरायचा, एकानं नाही. आणि हे उत्तर आल्याशिवाय स्क्रिप्ट पुढचं विचारणार नव्हती. दोघं एकमेकांसाठी खोळंबलेले.

“साहेब, उत्तर तयार आहे, फक्त...”

“मग दिसत का नाही?” साहेब उठले. “बंद करा. बोटीवर परत घेतात ना हो तुम्हाला?”

विचारण्यात खरीच काळजी होती.

साहेबांची जीप निघून गेल्याचा आवाज आला. आत्मारामनं प्रश्नांची वाट बंद केली. आता आणखी प्रश्न येणार नाहीत म्हटल्यावर आतल्या प्रोग्रॅमनं बंद होताहोता हातात अडवलेलं उत्तर खाली ठेवलं. पडद्यावर एक ओळ उमटली: पेटी एकशे बारा, दुसरं शीतघर, डावी फळी.

धोंडूनं वही पडताळली. “अरे, बरोबर हाय! आत्मारामा!”

आत्मारामनं खुर्ची आत सरकवली, डब्याची पिशवी उचलली.

“आत्मारामा, ओ तरी दे रे!”

तो दाराबाहेर पडला.