सोमवारी थांबणारी रेघ

वृषालीच्या नजरेत आसाराम पहिल्यांदा भरला तो त्याच्या वहीमुळे. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गिअर कडक करायची भट्टी होती आणि तिला नुकताच संगणक जोडला होता. पडद्यावर तापमानाची रेघ आपोआप पुढे सरकत राही. तरीही भट्टीवरचा चाळिशीचा कामगार आसाराम दर पाच मिनिटांनी जुन्या काट्याच्या मीटरपुढे उभा राही आणि कानावरची पेन्सिल काढून आकडा वहीत टिपी. भिंगारहून कंपनीच्या बसने येणाऱ्या नव्या इंजिनिअर वृषालीला वाटलं, संगणक असताना वही कशाला? संशय तिथेच रुजला.

मग एका सोमवारी सकाळी तपासणीला आलेल्या ग्राहकाच्या माणसाने पाहिलं, तर भट्टी चालू आणि रेघ जागच्या जागी. त्याने माल अडवला. वृषालीने चौकशी केली. रेघ दर सोमवारी सातच्या सुमारास थांबते आणि आठ-दहा मिनिटांनी आपली आपण चालू होते, असं कळलं. सोमवारी सकाळची पाळी आसारामची. साठवलेली नोंद उघडली तर तीत खंडच नव्हता, जणू कुणी नंतर भरून काढला होता. मॅनेजर राधाकृष्ण साहेबांना एवढं पुरे होतं. हा भट्टी सोडून चहाला जातो आणि तापमान उतरलेलं दिसू नये म्हणून रेघ अडवून ठेवतो, असं त्यांचं मत. आसाराम कायम झालेला नव्हता. त्याला कमी करण्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं.

तीन आठवडे वृषाली त्याच्यावर डोळा ठेवून होती. तो कुठे जातो, कुणाशी बोलतो, तारांना हात लावतो का. काहीच सापडेना, आणि त्याचाही तिला संशय येई.

चौथ्या सोमवारी ती पहिल्या पाळीच्या बसने सातच्या आधीच आली आणि पॅनेलच्या कपाटाआड उभी राहिली. पडद्यावरचे आकडे बसच्या पासामागे लिहीत होती. सातचा भोंगा झाला. आसारामने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. तिथे सात वाजून नऊ मिनिटं झाली होती. त्याने माउस अलगद धरला, सावकाश काहीतरी बदललं आणि रेघ थांबली. शेजारचा तापमानाचा आकडा मात्र बदलत होता. आसाराम चहाला गेला नाही. मीटरपुढे जाऊन लिहू लागला.

वृषाली पुढे आली. "आसारामभाऊ, आत्ता काय केलंत?"

"घड्याळ लावलं. आठवड्याला नऊ-धा मिनिटं म्होरं पळतंय. वहीत एक टाइम आन् पडद्यावर दुसरा, आसं कसं चालंल?"

पूर्वी तो गावच्या हायस्कुलात हंगामी शिपाई होता आणि शाळेची घंटा त्याच्याकडे असे. दोन घड्याळांचं न जुळणं त्याला सहन होत नसे.

वृषाली पडद्यापुढे बसून बदलते आकडे पासामागे टिपत राहिली. कोपऱ्यात पुन्हा सात वाजून नऊ मिनिटं झाली आणि रेघ चालू लागली. तिला उलगडलं. तेवढ्या वेळेपर्यंतची रेघ आधीच काढून झाली होती. घड्याळ मागे नेलं की संगणक तीच वेळ परत येईपर्यंत वाट पाहत थांबे. म्हणून नोंदीतही खंड दिसत नव्हता.

तिने त्याला समजावून सांगितलं.

"म्हंजी चूक माझीच की," तो म्हणाला.

"मला विचारायचं तरी."

"तुमी तरी कुठं इचारलं? तीन आठवडं नुसतं बघत हुता."

वृषालीने त्याची वही मागून घेतली. वही आणि पास घेऊन ती राधाकृष्ण साहेबांकडे गेली. रेघ थांबलेली असतानाचे आकडे समोरासमोर ठेवले. दोन-तीन अंशांचा फरक सोडला तर सगळे जुळत होते. साहेबांनी वही बराच वेळ चाळली, मधलीच जुनी पानं उघडून पाहिली, आणि पत्र खणात टाकलं. ग्राहकाला वहीची नक्कल गेली आणि माल सुटला. पुढे घड्याळ भट्टी बंद असतानाच लावायचं ठरलं. ते काम आसारामकडेच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी तो कायम झाला.

आता तो निवृत्त आहे. राहात्याला लेकीकडे, दिशाकडे राहतो आणि तिच्या दुकानाचं शटर रोज सकाळी उघडतो.