उजेडसाहेबांची खोली

उजेडसाहेबांनी कामाचा पहिला अख्खा दिवस एका रिकाम्या गोदामात नुसतं बसून घालवला. हातात मूठभर कापूस. सकाळी ते पूर्वेच्या भिंतीशी बसले, दुपारी मधोमध, उन्हं कलल्यावर दाराशी. आणि प्रत्येक ठिकाणी तोच कापूस उलटून पालटून पाहत राहिले. बाजारातले हमाल डोकावून हसत होते. संध्याकाळी त्यांनीच हे नाव ठेवलं. खरं नाव त्यानंतर कुणी फारसं घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही.

चिखलीच्या कापूस बाजारातल्या त्या गोदामात प्रतवारी करण्याचं आणि शिकवण्याचं केंद्र निघायचं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि अशी कामं तेव्हा मोठ्या हौसेने निघत. कापसाचा भाव प्रतीवर ठरे, पण ती प्रत खरी असेल यावर शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता. प्रत ठरवताना ते टेबलाला खेटून उभे राहत आणि तरी कुरकुरत परत जात. साहेब अकोल्याकडचे, याच कामात मुरलेले. खोली आतून कशी असावी तेही त्यांच्यावरच सोपवलं होतं. मी जानेफळचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. चार शिकाऊंत माझी निवड कशी झाली, ते मला नीट सांगता येणार नाही.

"आधी उजेड बसवा, मग माणसं," असं ते म्हणत. दक्षिणेकडच्या खिडक्या त्यांनी विटा लावून बुजवल्या आणि उत्तरेला एक लांबलचक खिडकी पाडली. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, हे मला तिथे समजलं. तोवर उजेड म्हणजे उजेड, एवढंच मला ठाऊक होतं. टेबलांवर काळं कापड आलं. चुन्यात कोळशाची पूड कालवून भिंती राखाडी झाल्या.

बाजाराचे सभापती पाहायला आले आणि दारातच थबकले. "साहेब, सुतक हाय का इथं? उद्घाटनाले मोठमोठे लोक येतीन."

"कापूस दिसला पाहिजे, सभापती," साहेब म्हणाले. "आपण नाही दिसलो तरी चालते."

स्वतः ते रोज मातकट रंगाचाच सदरा घालत. माझा एकुलता एक चांगला शर्ट निळा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टेबलापासून मागे सारलं. "कॉलेजकुमार, तुझ्या शर्टाचा निळा त्या कापसावर पडून राह्यला. उद्यापासून जुनाच घालून ये." जुना शर्ट घालून यायला सांगणारा असा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मनातलं दडपण थोडं उतरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब बुलढाण्याला गेले होते. हमालांचे मुकादम गणपतभाऊ यांना ती राखाडी खोली पाहवेना. मंगल कामाला असा रंग कसा? त्यांनी आपल्या माणसांकडून पिवडी आणवली आणि प्रेमाने, एक पैसा न घेता, सगळ्या भिंती पिवळ्याधमक करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी साहेब पाहुण्यांबरोबरच पोचले. सगळे वाहवा करत होते. साहेबांनी भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि पाहुण्यांना आत नेलं.

हार-तुरे झाले आणि पहिली गाडी लागली. गाडीवर विठ्ठलकाका, आमच्याच गावचे शेतकरी. आम्ही चौघांनी कापूस पाहिला. चौघांचंही एकच मत पडलं: पिवळट, दुसरी प्रत.

विठ्ठलकाकांचा चेहरा उतरला. "काऊन रे पोरा? घरून तं पांढरा निंघाला होता. पंधरा कोसात पिवळा झाला काय? मले वाटलं होतं, आता आपली पोरं बसली टेबलावर. तुम्ही बी तसेच निंघाले बे!"

साहेबांनी शांतपणे टेबलाचं एक टोक उचललं. "धरा रे." आम्ही टेबल बाहेर गोदामाच्या उत्तरेच्या सावलीत नेलं. त्यांनी विठ्ठलकाकांचंच काळं घोंगडं मागून त्यावर अंथरलं आणि तोच कापूस ठेवला. कापूस पांढरा होता, स्वच्छ पांढरा. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमचे डोळे चांगले होते, हेतूही चांगला होता, आणि तरी एका भिंतीने आम्हाला फसवलं होतं.

"पहिली प्रत," साहेब म्हणाले. "काका, पोरांचं चुकलं नाही. खोलीचं चुकलं. खोलीची जबाबदारी माझी."

मुकादम कानकोंडे झाले. "साहेब, आत्ताच्या आत्ता खरवडून टाकतो सारं."

"तीन भिंती खरवडा. चौथी राहू द्या."

"अन् आमची चूक जिंदगीभर भिंतीवर ठेवता का?"

"चूक काऊन म्हणता, मुकादम? तो मास्तर हाय आपला. बिनपगारी."

मुकादमांसकट सगळे हसले. पण साहेबांनी खरोखरच खोली नव्याने लावली. प्रत्येक नव्या शिकाऊला आधी पिवळ्या भिंतीसमोर प्रत ठरवायला लावायचं, मग तोच कापूस खिडकीशी न्यायचा. पुढे कुणी पाहुणा आला की मुकादम स्वतः त्याचा हात धरून आत नेत. "हे भिंत आपली हाय!"

दोन हंगामांनी साहेबांची यवतमाळकडे बदली झाली. एसटी सुटताना मला बरंच बोलायचं होतं, पण नुसता नमस्कार केला. ते खिडकीतून म्हणाले, "घाई करू नको रे. कापूस कुठी पळून जात नाही."

पुढच्या हंगामात टेबलावर मी एकटाच होतो. विठ्ठलकाकांची गाडी लागली. नेहमीसारखे ते येऊन उभे राहतील म्हणून मी थांबलो. आले नाहीत, तेव्हा बाहेर जाऊन हाक मारली, "काका, या ना. तुमचा कापूस घेतो आता."

ते गाडीखाली आडवे झाले होते. डोळ्यांवरचा शेला न काढताच म्हणाले, "तू पाह्यना बाप्पा. मी रातभर गाडी हाकली. मले झोपू दे."

मी आत आलो. कापूस पाहिला, प्रत ठरवली. मग हात पुसले आणि तो पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिला.