रांगेतला चहा

नव्या गेम कन्सोलसाठी डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानाबाहेर भल्या सकाळी रांग लागली होती. माझ्या पुढचे गृहस्थ मराठी निघाले. कुडकुडणाऱ्यांना ते थर्मासमधला आल्याचा चहा देत होते. मलाही दिला.

"लेकीला कबूल केलंय," मी म्हणालो. त्यांनी मायेने मान डोलावली.

आमचा नंबर यायच्या आतच माल संपला. गृहस्थ चक्क खूश!

"जमलं! हा कन्सोल बनवणाऱ्या कंपनीत लाँचचं नियोजन मीच करतो. रांग कशी लागते ते बघायला आलो होतो. गोदाम भरलेलं आहे हो. पण आज सगळ्यांना मिळालं, तर नाताळात धावत कोण येणार? थोडे जण रिकाम्या हाताने परतायलाच हवेत."

मी हबकलोच. मागे एक आयरिश आजी रडवेली झाली होती. त्यांनी तिलाही चहा ओतून दिला.

"यू आर अ सेंट," ती म्हणाली; तिच्या लेखी ते संतच होते.

त्यांची माया खोटी नव्हती. मला धक्का बसला तो त्याचाच.